सुडलैचं अर्धं तिकीट

शिवकाशीची जलद बस घुरघुरत उभी होती, राक्कम्मा मला मागून ढकलत होती, आणि मी दाराचा दांडा धरून तशीच. वर चढेना, खाली उतरेना. कंडक्टर वैतागून म्हणाला, "आच्ची, येताय, का दांडा घेऊन जाताय घरी?" पन्नाशी उलटली की आमच्या कोविलपट्टीत बाईला सगळे आच्चीच म्हणतात, सख्ख्या नातवापासून कंडक्टरपर्यंत. मी दांडा सोडला. बस गेली.

मग राक्कम्मा माझ्यावर अशी उखडली की फलाटावरचे लोक वळून बघायला लागले. आम्ही दोघी काडेपेटीच्या कारखान्यात मांडीला मांडी लावून बसतो, चौकटीत काड्या भरतो. केसांतल्या उवांपासून सुनांच्या कागाळ्यांपर्यंत तिचं मला आणि माझं तिला सगळं ठाऊक. तेव्हा तिला ओरडायचा हक्क आहे. पगार शनिवारी व्हायचा होता, माझ्याकडे दमडी नव्हती, म्हणून तिनं कमरेची शंभराची नोट काढून माझ्या मुठीत कोंबली होती आणि कामावरून उठवून मला स्टँडवर आणलं होतं. आणि मी बस सोडली.

"पेच्ची, पोरीचा पत्ता नाही आणि तू नोट वाचवतेस होय?" असं ती म्हणाली. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

झालं होतं असं. सकाळी कामावर हात बसतो न बसतो तोच तंगमचा फोन आला. तंगम म्हणजे माझ्या लेकीची शेजारीण, शिवकाशीच्या पलीकडच्या खेड्यातली. रडत बोलत होती, त्यामुळे निम्मं कळलं, निम्मं नाही. इसक्की पहाटेपासून घरात नाही. सुडलै, माझा नातू, तोही नाही. तिच्या चपला दारातच आहेत. जावई चार माणसं घेऊन विहिरीकडे गेलाय. रडता रडताच तिनं हेही ऐकवलं की आजचा दिवसच फुटका, तिच्या नातीचा पोंगलला घेतलेला पिवळा फ्रॉकही दोरीवरून कुणीतरी लांबवलाय. माणसाच्या डोक्यात कधी काय शेजारी शेजारी बसेल, नेम नाही. मी फ्रॉकाचं ऐकलं आणि सोडून दिलं. चपला दारात आहेत, एवढंच कानात राहिलं. आमच्याकडे घर सोडून जाणारी बाई चपला घालून जाते. चपला ठेवून कुठे जातात, ते कुणी तोंडानं बोलत नाही.

माझा जावई कालिराज दारू पीत नाही. लग्न ठरलं तेव्हा अख्ख्या गल्लीनं हे मला मिठाई वाटल्यासारखं सांगितलं होतं. दारू नाही, विडी नाही, आवाज चढवणं नाही. तो फक्त तांदूळ मापून ठेवतो, कामाला जाताना बाहेरून कुलूप घालतो, आणि मारायचं असलं की आधी टीव्हीचा आवाज मोठा करतो. माझ्या लेकीच्या हातावर त्यानं कधी एक रुपया टेकवलेला नाही. गेल्या महिन्यात तिचा फोन आपटून फोडला. माझा नंबर त्या फोनमध्येच होता. तिला तो पाठ नाही, मलाही नाही. ऊठ आणि माझ्याकडे ये, असं मी तिला दर खेपेला सांगत होते. ती म्हणायची, बघू अम्मा.

तर मी राक्कम्माला समजावलं. पोरीकडे पैसे नाहीत. ती निघाली असेल तर गुलाबी तोंडाच्या टाऊन बसनंच निघाली असणार, कारण बायकांना तिकीट नाही ते फक्त त्या बसला. टाऊन बस खेड्यापाड्यांतून जाते, जलद बस हमरस्त्यानं. मी हमरस्त्यानं गेले आणि ती खेड्यांतून आली, तर आमची चुकामूक ठरलेली. मग मी तिच्या दारात उभी आणि ती माझ्या दारात. मागून तो येईल तेव्हा तिच्याजवळ कोण?

"आणि निघालीच नसेल तर?" राक्कम्मानं विचारलं.

फुकट जायच्या दोनच जागा होत्या, गुलाबी बस आणि विहीर. मी नोट परत द्यायला लागले, तर तिनं माझी मूठ मिटली आणि म्हणाली, ठेव, लागेल. कशाला लागेल ते दोघींनाही कळलं होतं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि ती कामावर परत गेली.

टाऊन बसचं आमच्याकडे एक तंत्र आहे. आमच्या बाजूची बस जिल्ह्याच्या वेशीपर्यंत जाते, करिसलपट्टीच्या कडुलिंबाखाली वळते आणि परत फिरते. शिवकाशीच्या वाटेवरच्या सात्तूरकडची बस पलीकडून एका ताडापर्यंत येते आणि तिथून परत फिरते. मधला तुकडा कुणाचाच नाही. काळं रान, वेड्या बाभळी आणि एक दगडाची खाण. ज्यांना तिकीट परवडत नाही त्या बायका तो तुकडा पायी तोडतात आणि पुढची बस धरतात. बायकांचं तिकीट माफ झालं त्या वर्षी मीच इसक्कीला हा रस्ता चालवून दाखवला होता. म्हटलं होतं, सरकारनं तुझ्यासाठीच गाडी सोडलीय, बघून ठेव.

बसमध्ये मी ड्रायव्हरच्या पाठीमागे दांड्याला धरून उभी राहिले. बसायला जागा होती, पण बसले तर समोरून येणारी बस कशी दिसणार? मनातल्या मनात आमच्या सुडलैमाडसामीला विनवण्या चालल्या होत्या. देवा, तुझंच नाव पोराला दिलंय. सहा वर्षांचा झाला, तुझ्या नवसाचं जावळ अजून डोक्यावर आहे, केस खांद्याखाली गेलेत, गल्लीतली पोरं त्याला ए पोरी म्हणून चिडवतात. खर्च नको म्हणून बाप दरसाल पुढे ढकलतो. पण मी येते, मी बोकड देते, तू पोराला तेवढा जिवंत ठेव. बोकड कुठून आणणार ते देवानंही विचारलं नाही.

मागे कंडक्टर आणि एक बाई हमरीतुमरीवर आले होते. बाईच्या कडेवर चांगला दांडगा पोरगा. तिला तिकीट नाही, पण पाच वर्षांवरच्या मुलाचं अर्धं तिकीट पडतं. ती म्हणत होती, पाच अजून भरायचेत, चित्तिरै महिन्यात भरतील. कंडक्टर म्हणाला, "अक्का, याला मिशा फुटतील तरी तुझी चित्तिरै काही उजाडायची नाही." सगळी बस हसली. बाईनं कमरेचे पैसे काढून त्याच्या हातावर आपटले आणि पुटपुटली, पोरगी असती तर या मेल्यानं ढुंकून पाहिलं नसतं.

मीही हसले असेन. पण हसता हसता थांबले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सुडलै सहाचा, अंगानं थोराड, कोणी त्याला पाचाच्या आतला म्हणणार नाही. इसक्कीला तिकीट नाही, पण त्याला आहे. तिच्याकडे अर्ध्या तिकिटाचेही पैसे नाहीत. कंडक्टर दोघांना रस्त्यात उतरवणार. आणि मुलाला मागे टाकून ती एकटी निघायची नाही, हे मला माझ्या नावासारखं ठाऊक होतं. म्हणजे गुलाबी बससुद्धा तिला फुकट नव्हती. मग राहिली कुठली जागा?

हातातून दांडा सुटला. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि विचारलं, आच्ची, चक्कर येतेय का? मी त्याला सगळं सांगितलं. परक्या माणसाला घरचं सांगू नये म्हणतात, पण त्या वेळी मी समोर दिसेल त्या दगडालाही सांगितलं असतं. पुढे समोरून बस आली तेव्हा ड्रायव्हरनं हॉर्न देऊन ती थांबवली, खिडकीला खिडकी लावली आणि विचारलं, अनवाणी बाई, बरोबर सहा वर्षांचा मुलगा, दिसली का? तिकडच्यानं मान हलवली. नाही. पुढच्या बसलाही विचारलं. नाही. करिसलपट्टीला मी उतरले तेव्हा त्यानं चहा पिऊन जा म्हटलं. मी न थांबता चालायला लागले.

मग मधला तुकडा. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. एक माणूस नाही, एक कुत्रं नाही. रस्ताभर मी बाभळीखालच्या प्रत्येक सावलीत बघत चालले आणि प्रत्येक सावलीला घाबरले. खाणीच्या वळणावर आले, तर काठावर तीन माणसं वाकून खाली बघत होती. एकाच्या हातात दोर. खाणीत पाणी असतं, बारा महिने, हिरवं.

पुढे जायचं धैर्य होईना आणि न बघता जाता येईना. तिथूनच मी ओरडले, काय पडलंय? एकानं ओरडून सांगितलं, पण वाऱ्यानं नेलं. मी पुन्हा ओरडले, बाई आहे का बाप्या?

"बोकड आहे, आच्ची," तो म्हणाला.

मी मटकन रस्त्यावर बसले. देवाला बोकड कबूल करून तासही झाला नसेल, आणि हा स्वतःच येऊन बसला की काय, असंही मनात येऊन गेलं. मग हसू आलं, मग रडू आलं, मग त्या बोकडाला मी त्याच्या आईमाईवरून शिव्या घातल्या. माणसं दोर सोडून माझ्याकडे बघत राहिली.

उठून पदर झटकत होते तेवढ्यात तंगमचा फोन आला. ती आता रडत नव्हती, कुजबुजत होती. विहिरीत पाताळगरी, तो दोराचा आकड्यांचा गळ, सोडलीय. गावातला जो तो काठावर जमलाय. गरीला काहीतरी लागलंय, जड आहे, वर घेतायत. थांब हं, असं म्हणाली, आणि माझा फोन बंद पडला. सकाळपासून चार्जिंग संपत आलं होतं. मी ते काळं डबडं हातात धरून किती वेळ उभी होते देव जाणे. बटण दाबलं, पुसलं, उन्हात धरलं. मेलेला फोन जिवंत होत नाही. आता मागे जाऊन काय कळणार होतं? मी पुढे चालत राहिले, कारण पाय तिकडेच जात होते.

ताडाखाली एक म्हातारा ताडगोळे विकत बसला होता. त्याला विचारलं. अनवाणी बाई? हो, आली ना, दुपारच्या बसनं. पण तिच्याबरोबर मुलगी आहे, तो म्हणाला. फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची. पाणी मागितलं, मी दिलं. तळपाय पोळलेत बाईचे, ऊन उतरल्याशिवाय चालवणार नाही म्हणाली. तिकडे देवीच्या देवळामागं बसलीय.

"मुलगा नाही?" मी विचारलं.

"मुलगीच. मुकी आहे बिचारी. नाव विचारलं तर तोंड उघडेना."

माझा सुडलै मुका? तो झोपेतसुद्धा बडबडतो. म्हणजे दुसरीच कुणीतरी, आपल्यासारख्याच नशिबाची. त्या न पाहिलेल्या बाईचा मला तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू? अनवाणी यायचं होतं तर आजच कशाला यायचं होतं, असा. मी ताडाला टेकून बसले. म्हातारा एक ताडगोळा सोलून पुढे करत होता. माझा हात त्याच्याकडे गेला नाही.

सात्तूरची बस आली. मी उठून दारापाशी उभी राहिले आणि उतरणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड बघितलं. कांदे घेतलेली, पोट आलेली, दोन म्हाताऱ्या. संपलं. बस वळली. कंडक्टरनं हाक दिली, चला सात्तूर, सात्तूर. आता विहिरीकडेच जायचं. जे वर काढलं असेल त्याच्यापाशी आईनं असायला हवं. राक्कम्माची नोट मुठीत घामानं ओली झाली होती. मी पायरीवर पाय ठेवला.

तेवढ्यात देवळामागून ती मुलगी आली. पिवळा फ्रॉक. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, कोमेजलेली अबोली. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, भिंतीकडे तोंड केलं, फ्रॉक वर धरला आणि उभ्यानंच धार सोडली.

माझा पाय पायरीवरच राहिला. कंडक्टर म्हणाला, आच्ची, येताय ना? मी त्याला काय उत्तर दिलं आठवत नाही. मी उतरले आणि चालत गेले. पळाले नाही, पळाले तर ते सगळं नाहीसं होईल असं वाटत होतं. जवळ गेले आणि हळूच हाक मारली, सुडलै.

तो वळला. मला बघितलं. ओळखलं, डोळ्यांनी ओळखलं. आणि मान हलवली. नाही. मी नाही सुडलै. ओठ आत घट्ट मिटलेले. इतकं भ्यालेलं पोर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग इसक्की आली, भिंतीला धरून, टाचांवर चालत. ओठ फुटलेला होता, एका बाजूनं गाल काळानिळा. म्हणाली, "अम्मा, मी येतच होते." जणू मीच उशीर झाला म्हणून रागावणार होते. मी तिच्या तोंडावरून, हातांवरून, पाठीवरून हात फिरवला, बाजारात कोंबडी चाचपतात तसा, सगळं जागेवर आहे का बघायला. मग तिच्या पायांशी बसले आणि माझ्या चपला तिच्या पायांत घातल्या. फोडांवर पट्टा टेकला तशी ती कळवळली. त्यानंतर आम्ही दोघी जेवढ्या रडायच्या तेवढ्या रडलो. पोरगा बाजूला उभा राहून बघत होता.

चालता चालता तिनं तुटक तुटक सांगितलं. दारात चपला होत्या तिथंच नवरा झोपला होता, चपला घ्यायला वाकली असती तर जागा झाला असता. सुडलैच्या तिकिटाचं तिला रात्रभर कोडं पडलं होतं. अंगणात आल्यावर दोरीवरचा फ्रॉक दिसला. पुढच्या गावाच्या वेशीपर्यंत अंधारात चालत गेली, तिथं त्याचे केस विंचरले, वेण्या घातल्या, स्वतःच्या अंबाड्यातली फुलं त्याला माळली आणि बजावलं, कुणी काही विचारलं तर बोलायचं नाही. बोललास तर बसमधून उतरवतील, आणि बाबा येतील. तेव्हापासून तो बोलला नव्हता. तिच्याशीही नाही. देवाचं जावळ म्हणून राखलेले केस, आणि त्यांच्याच जोरावर तिनं पोराला इथवर आणलं. नवस जरा उशिरा फेडलेलाच बरा म्हणायचा.

खाणीपाशी बोकड वर आला होता आणि काही झालंच नाही अशा तोंडानं पाला खात होता. मी त्याला हात जोडले. माझे तळपाय भाजत होते, पण ऊन उतरलं होतं.

करिसलपट्टीला सकाळचीच बस होती, तोच ड्रायव्हर, तोच कंडक्टर. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं, दोन बाया आणि एक मुलगी मोजली, आणि तो पुन्हा समोर बघायला लागला. मुलगा मिळाला नाही असंच त्याला वाटलं असणार. कंडक्टर आला. त्यानं आम्हाला शून्य रुपयांची दोन तिकिटं दिली आणि मुलीकडे न बघता पुढे निघाला. मी त्याला थांबवलं आणि राक्कम्माची ओली नोट पुढे केली.

"एक अर्धं द्या," मी म्हटलं.

"कुणाचं, आच्ची?"

"याचं. मुलगा आहे हा. सहा पूर्ण झालेत."

त्यानं फ्रॉक बघितला, वेण्या बघितल्या. मग इसक्कीचा ओठ बघितला. अर्धं तिकीट फाडून त्यानं माझ्या नाही, सुडलैच्या हातात दिलं आणि सुटे पैसे मोजून मला दिले. ड्रायव्हरनं गाडी सुरू करायच्या आधी एकदा मागे वळून बघितलं.

सुडलैनं तिकीट मुठीत घट्ट धरलं. इसक्की खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी त्याला जवळ ओढलं, म्हटलं, आता भ्यायचं नाही राजा, तुझं तिकीट काढलंय, आता कुणी उतरवत नाही. ये, ही रिबीन सोडते. घरी पोरं हसतील तुला.

मी एका वेणीची गाठ सोडली. त्यानं दोन्ही हातांनी वेणी धरली, तिकिटासकट. आणि पहाटेपासून मिटलेलं तोंड उघडलं. माझ्या कानाशी येऊन इतक्या हळू बोलला की बसच्या आवाजात मला जेमतेम ऐकू आलं.

"राहू दे, आच्ची. बाबा मुलगा शोधत असतील."

मी सोडलेली गाठ पुन्हा बांधली.